रंगीत तालीम

वर्धा जिल्ह्याला 'तालीम' हा शब्द शिकवावा लागत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी जी योजना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने जिला त्याच वर्षाअखेरीस आराखड्याचे रूप दिले, ती पुढे 'नई तालीम' या नावाने देशभर ओळखली गेली. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण एवढाच. मराठीने मात्र हा शब्द घेताना त्याला माती लावली आणि रंगही लावला. कुस्तीचा आखाडा म्हणजे तालीम, आणि नाटकाची पूर्वतयारी म्हणजेही तालीम. शिवाय 'रंगीत तालीम' असा एक खास जोडशब्द आपण घडवला. वेशभूषा, रंगभूषा, प्रकाश असे सगळे खरे असते. फक्त प्रेक्षक तेवढे नसतात.

जिल्हाधिकारी कार्यालयातर्फे आपत्तीचे 'मॉक ड्रिल' झाले की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात बहुधा 'रंगीत तालीम' हाच शब्द छापून येतो. बातमीदाराने तो सवयीने वापरलेला असतो, पण शब्द चोख आहे. पूर, स्फोट, भूकंप, रेल्वे अपघात यांत जखमींपर्यंत प्रथम पोचणाऱ्या माणसांना शिकवायचे कसे, हा प्रश्न मुळात रंगभूमीचाच प्रश्न आहे. खऱ्या जखमीवर शिकता येत नाही; आणि खोट्या जखमीवर शिकलेले खऱ्या वेळी हाताशी येईल याची खात्री नसते. आज या प्रश्नाला 'मिक्स्ड रिॲलिटी' किंवा 'मिश्र वास्तव' या तंत्राने उत्तर दिले जात आहे. डोळ्यांवर चढवलेल्या यंत्रातून समोरच्या खऱ्या खोलीत धूर, आग, कोसळलेली भिंत आणि विव्हळणारी माणसे दिसतात. हे तंत्र काल-परवाचे असले तरी त्यामागची धडपड फार जुनी आहे. त्या धडपडीचा एक तुटक आलेख, तोही वर्ध्यात उभे राहून, येथे काढून पाहायचा आहे.

वर्ध्यात उभे राहून, याला कारण आहे. देवळी तालुक्यातील पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातील सर्वांत मोठे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथील एका शेडला आग लागली आणि स्फोटांची मालिका सुरू झाली. आगरगाव आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी अंधारात बाहेर पडली. मृतांचा आकडा पहिल्या दिवशी १६ होता, तो पुढे १९ वर गेला. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते आणि बाकीचे बहुतेक संरक्षण सुरक्षा दलाचे जवान व अग्निशमन कर्मचारी. जखमींना सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात हलवण्यात आले. मृतांची ही यादी थोडे थांबून वाचावी अशी आहे. आपत्तीत सापडलेल्यांची ती यादी नाही. आपत्तीकडे धावत गेलेल्यांची आहे. म्हणजे ज्यांच्या प्रशिक्षणाविषयी आपण बोलत आहोत, तीच ही माणसे.

आता थोडे मागे, बरेच मागे जाऊ.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' या नावाचा आहे. 'योग्या' म्हणजे सराव, हाताला वळण लावणे. शास्त्र कितीही पाठ असले तरी ज्याने योग्या केली नाही तो कर्म करण्यास अपात्र, अशी या अध्यायाची भूमिका आहे. पुढे कोणता सराव कशावर करावा याची जी यादी येते ती वाचताना एखाद्या बाजारातून हिंडल्यासारखे वाटते. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर. भेदनाचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडण्याचा सराव केसाळ चामड्यावर. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. जखमेचा माग काढण्याचा सराव किडीने पोखरलेल्या लाकडावर. टाके घालण्याचा सराव जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर. आणि पट्ट्या बांधण्याच्या सरावासाठी येतो 'पुस्तमय पुरुष', म्हणजे घडवलेला, सर्व अंगोपांगे असलेला माणसाचा पुतळा.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या 'पुस्त' शब्दापाशी क्षणभर रेंगाळायला हरकत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या विवेचनात 'पुस्त' येतो तो रंगमंचावरच्या कृत्रिम वस्तूंसाठी: पर्वत, रथ, विमान, ढाली यांच्या प्रतिकृती. वैद्याच्या शाळेतला पुतळा आणि नाटकवाल्याचा खोटा पर्वत यांना संस्कृतात एकच शब्द पुरतो. दोन्हींचे कामही एकच, जे येथे आणता येत नाही ते येथे आहे असे समजून वागता यावे, एवढे उभे करणे.

सुश्रुताच्या यादीत आणखी एक शहाणपण आहे. तो कोहळ्याला माणूस म्हणत नाही. प्रत्येक कृतीसाठी, त्या कृतीपुरते साम्य असलेली वेगळी वस्तू तो निवडतो. छेद घेताना हाताला लागणारा विरोध कोहळ्यात आहे, मग तेवढ्यापुरता कोहळा पुरे. संपूर्ण माणसाची हुबेहूब नक्कल करण्याचा हव्यास त्याला नाही. आजच्या यंत्रनिर्मात्यांना हा अध्याय कुणीतरी वाचून दाखवायला हवा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

युरोपात अठराव्या शतकात आंजेलिक द्यु कूद्रे या सुईणीने कापड, चामडे आणि वेताची एक प्रसूतीची बाहुली तयार केली. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तिला राजाज्ञा दिली आणि ती बाहुली घेऊन ही बाई फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सुईणींना शिकवत फिरली. त्या बाहुल्यांपैकी शिल्लक राहिलेली एक रुआँ शहरातल्या फ्लोबेर संग्रहालयात आहे. 'मादाम बोव्हारी'च्या लेखकाचे वडील तेथल्या रुग्णालयात शल्यचिकित्सक होते, म्हणून हे नाव. वास्तववादी कादंबरीच्या एका जन्मदात्याचे घर आणि खोट्या देहावर खरे काम शिकवणारी बाहुली एकाच छताखाली असावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

दुसरा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पाहिलेला असेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात किंवा रेडक्रॉसच्या वर्गात जमिनीवर ठेवलेला, छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन सराव करण्याचा रबरी देह. 'रिससी ॲन' हे त्याचे मूळ नाव. नॉर्वेतील खेळणी तयार करणारे आस्मुंड लेर्डाल यांनी तो १९६० मध्ये बाजारात आणला. त्याला चेहरा दिला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका मुखवट्यावरून. सीन नदीत सापडलेल्या एका अनामिक तरुणीच्या मृत चेहऱ्याचा तो साचा, अशी आख्यायिका आहे. ती खरी नसावी असे मानणारेही आहेत, कारण बुडून मेलेल्या माणसाचा चेहरा इतका शांत राहत नाही. पण युरोपातल्या लेखक-कलावंतांना त्या मुखवट्याने झपाटले होते. रिल्केच्या १९१० च्या 'माल्टे' या गद्यकृतीत तो येतो, नाबोकोव्हने त्यावर कविता लिहिली. साहित्यातून फिरून फिरून शेवटी तो चेहरा प्रथमोपचाराच्या वर्गात जमिनीवर आला, आणि जगभरच्या लाखो माणसांनी त्या अनामिकेला श्वास देण्याचा सराव केला.

सेवाग्रामशी संबंधित एक धागा या इतिहासात अनपेक्षितपणे गुंतला आहे, तो गांधीजींचा. बोअर युद्धात त्यांनी उभारलेल्या हिंदी रुग्णवाहक पथकात सुमारे १,१०० माणसे होती आणि त्यांतली बहुसंख्य गिरमिटिया मजूर होती. डोलीवर जखमी घेऊन दिवसाला ३० ते ४० किलोमीटर चालण्याचे प्रसंग त्यांच्यावर आले. या पथकाला प्राथमिक शिक्षण दिले ते डॉ. बूथ यांनी. युद्धाआधीच गांधीजी डर्बनच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात रोज तास-दोन तास औषधे देण्याचे काम करत होते. म्हणजे योग्या आधी, रणांगण नंतर. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले त्याच सुमारास ते लंडनला पोचले आणि तेथल्या सुमारे ८० हिंदी तरुणांसह त्यांनी डॉ. कँटली यांच्याकडे सहा आठवड्यांचा प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम पुरा केला, परीक्षा दिली, मग कवायत. (हे कँटली म्हणजे १८९६ मध्ये चिनी वकिलातीत कोंडलेल्या सन यत्-सेनची सुटका घडवून आणणारे तेच गृहस्थ.) हा माणूस १९३६ मध्ये सेगावला येऊन राहिला, १९४० पासून ते गाव सेवाग्राम झाले, १९४५ मध्ये तेथे डॉ. सुशीला नायर यांनी कस्तुरबा रुग्णालय सुरू केले आणि १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. येथे नव्याने दाखल झालेले विद्यार्थी आधी आश्रमातल्या शिबिरात राहतात आणि पुढे एक गाव दत्तक घेऊन तेथल्या कुटुंबांत वावरतात. हीही एक तालीमच. फरक एवढाच, की येथे समोरचे गाव खरे असते आणि विद्यार्थ्याची डॉक्टर ही भूमिका तेवढी अजून खरी झालेली नसते.

शेजारच्या नागपुरात २९ एप्रिल १९५७ रोजी केंद्र सरकारने आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी एक केंद्रीय संस्था काढली. चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांनंतर तिचा रोख हवाई हल्ल्यांकडे वळला आणि १९६८ मध्ये ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. पूर आणि भूकंप यांसाठी काढलेली संस्था बॉम्बसाठी राबू लागली, यात कुणाला दोष द्यायचे कारण नाही. प्रत्येक काळ आपल्या भीतीची तालीम करतो. पण महाराष्ट्राने पुढे पाहिलेली मोठी संकटे बॉम्बची नव्हती. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड गाव उद्ध्वस्त केले, २०४ माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे ८,००० मृत्यू. दोन्ही ठिकाणी पहिले हात पोचले ते शेजाऱ्यांचे, ज्यांना कुणी काही शिकवलेले नव्हते. पुढे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, २००७ मध्ये सामूहिक जखमींच्या व्यवस्थापनाविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली, २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या. व्यवस्था झाली. सराव किती झाला, हा निराळा प्रश्न.

हा सराव नेमका कशाचा, हे समजून घेतल्याशिवाय नव्या यंत्राचे मोल कळणार नाही. नेहमीच्या अपघातात एक रुग्ण आणि त्याच्याभोवती चार जाणकार असतात. आपत्तीत हे गणित उलटते, चाळीस जखमी आणि दोन जाणकार. अशा वेळी उपचाराआधी निवड करावी लागते. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांनी या निवडीला हुद्द्याऐवजी जखमेचा निकष लावला. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयाने आणि अग्निशमन दलाने मिळून तिला एक सोपी पद्धत दिली, ती 'स्टार्ट' या नावाने जगभर शिकवली जाते. ज्यांना चालता येते त्यांना बाजूला बोलवा. त्यांना हिरवी पट्टी. उरलेल्यांचा श्वास पाहा. श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा करा, तरीही नसेल तर काळी पट्टी, आणि पुढे चला. श्वास मिनिटाला ३० हून अधिक असेल, किंवा मनगटाची नाडी लागत नसेल, किंवा साधी सूचना कळत नसेल, तर तांबडी. बाकी पिवळी. हे सारे प्रत्येकी एका मिनिटाच्या आत. 'रंगीत तालीम' हा शब्द येथे अंगावर येतो.

यातले अवघड काय? नियम तर दहा मिनिटांत पाठ होतात. अवघड आहे काळी पट्टी लावून उठणे. शेजारी कुणी ओरडत असताना शांत पडलेल्याकडे आधी जाणे, कारण ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू आहे. आणि सर्वांत अवघड, जागा सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी धावती पावले थांबवणे. पुलगावच्या यादीच्या पार्श्वभूमीवर हे वाक्य लिहिताना लेखणी अडखळते, कारण त्या माणसांचे कामच आगीकडे जाण्याचे होते. पुस्तकात हे शिकवता येत नाही. मैदानावरच्या सरावातही फारसे नाही, कारण तेथे जखमी झालेले स्वयंसेवक तांबड्या रंगाखाली हसत असतात, दिवस उजेडाचा असतो आणि पाहुण्यांसाठी मांडव असतो. रात्र, धूर, न थांबणारे स्फोट यांची तालीम मैदानावर घेणे शक्य नाही.

मिश्र वास्तवाचे आश्वासन नेमके येथे आहे. पॉल मिलग्रम आणि फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्ये ही संज्ञा रूढ केली. त्यांनी एक रेषा कल्पिली, एका टोकाला निखळ वास्तव, दुसऱ्या टोकाला निखळ आभास आणि मधला सगळा पट्टा मिश्र. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स नावाचा चष्मा आला आणि रुग्णालयांत, विद्यापीठांत त्याचे प्रयोग झाले; २०२४ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवलेही. ज्या संस्थेने आपला सारा अभ्यासक्रम एका यंत्राला बांधला असेल तिचे काय होते, याचा हा धडा आहे. युरोपीय संघाच्या आर्थिक साहाय्याने, ऑस्ट्रियातील एका तंत्रसंस्थेच्या पुढाकाराने २०२१ ते २०२४ या काळात 'मेडफर्स्टएमआर' हा प्रकल्प चालला. त्यात प्रशिक्षणार्थीच्या डोळ्यांना आपत्तीचे आभासी दृश्य दिसते, पण हाताला लागतो तो खरा पुतळा. नाडी बोटांना लागते, रक्तस्राव डोळ्यांना दिसतो. शिवाय शिकणाऱ्याच्या शरीराचे संकेत मोजून त्याच्यावर किती ताण येतो आहे हे प्रशिक्षकाला कळते आणि प्रसंग त्याप्रमाणे अवघड किंवा सोपा करता येतो. सुश्रुताचा पुस्तमय पुरुष आणि रंगमंचावरचा पुस्त पर्वत अखेर एका ठिकाणी आले.

'आभासी' हा शब्द मात्र मला खटकतो. वेदान्ताने आपल्याकडे 'आभास' या शब्दाला मिथ्येचा वास लावून ठेवला आहे. इंग्रजीतल्या 'व्हर्च्युअल'चा अर्थ तसा नाही. परिणामाच्या दृष्टीने जवळजवळ खरे, असा तो आहे. या ज्ञानाचे वर्णन करायला आपल्याच काव्यशास्त्रात अधिक नेमकी सोय आहे. रसप्रक्रियेचे विवेचन करताना श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय मांडला, तो एम. ए. च्या वर्गात आपण दरवर्षी शिकवतो. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. हे ज्ञान सम्यक् नाही, कारण घोडा तेथे नाही. मिथ्याही नाही, कारण आपण फसलेलो नसतो. संशय नाही, आणि घोड्यासारखे काहीतरी आहे असे सादृश्यज्ञानही नाही. या चारांहून वेगळी अशी ती प्रतीती आहे. चष्मा चढवलेली परिचारिका पुतळ्याच्या छातीवर हात ठेवते तेव्हा तिची प्रतीती हीच असते. अभिनवगुप्तांनी शंकुकाचे मत खोडले हे खरे. पण नाटकाच्या संदर्भात खोडले गेलेले हे मत येथे कामाला येते, कारण येथला 'प्रेक्षक' आसनावर बसून राहत नाही. त्याला उठून काहीतरी करायचे असते, आणि त्याच्या हातून झालेल्या चुकीने चित्रातला घोडा मरतो. सहृदयाला दुःखातूनही आनंद मिळतो असे आपण शिकवतो. या तालमीत तो मिळू नये अशीच व्यवस्था असायला हवी.

या यंत्रांविषयीचा उत्साह मी थोडा आखडता घेईन. ती महाग आहेत, काहींना त्यांनी घेरी येते, आणि सरावात दिसलेली सफाई खऱ्या प्रसंगी कितपत टिकते हे सिद्ध करणे अवघड आहे, कारण खरे प्रसंग सुदैवाने दुर्मीळ असतात. दुर्मीळ प्रसंगाचा पुन्हा पुन्हा सराव करता येतो, हा त्यांचा गुण मात्र निर्विवाद आहे.

मराठीच्या माणसाला या विषयात काय काम, असे कुणी विचारील. काम आहे, आणि ते 'साधी सूचना कळते का' या पायरीशी आहे. स्फोटात सर्वांत सहज इजा होते ती कानाच्या पडद्याला. ज्याला ऐकूच येत नाही तो सूचना पाळत नाही आणि विनाकारण तांबडी पट्टी मिळवतो. दुसरा असाच बहिरा म्हणजे भाषेचा. पुलगावच्या सुरक्षा दलात देशभरातले माजी सैनिक. अवतीभवतीच्या खेड्यांत वऱ्हाडी-नागपुरी बोलणारी माणसे. आयात केलेल्या दृश्यांतले जखमी इंग्रजीत कण्हतात, फार तर कुणी त्यांना पुस्तकी हिंदी चिकटवतो. देवळी तालुक्यातला जखमी "मला श्वास घेण्यास त्रास होत आहे" असे म्हणणार नाही. तो म्हणेल, "छातीवर कोनं बसल्यावानी वाटून राह्यलं जी." नजर गेली तर "मले काई दिसून नाई राह्यलं." भोवळ आली तर "डोक्सं गरगर फिरून राह्यलं." आणि पट्ट्या लावणाऱ्यानेही "जे रुग्ण चालण्यास सक्षम आहेत" असा पुकारा करून चालणार नाही, "ज्याले चालता येते त्यानं इकडं या" असे ओरडावे लागेल, शिवाय हात हलवून, कारण अर्ध्यांना ते ऐकू येणार नाही.

हे संवाद लिहिणे, पात्रे रचणे, कोण गप्प राहील आणि कोण उगाच ओरडेल हे ठरवणे, म्हणजे नाट्यलेखन आहे. हॉवर्ड बॅरोज या अमेरिकन मज्जातंतुतज्ज्ञाने १९६३ मध्ये रुग्णाची भूमिका करणारी माणसे वैद्यकीय शिक्षणात आणली, तेव्हापासून ही गरज मान्य झालेली आहे. सावंगी आणि सेवाग्राम अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या जिल्ह्यात, जेथे मराठीचे विभाग आणि हौशी नाट्यमंडळे हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे असा एखादा प्रसंग लिहायला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये.

प्रसंग कोणता घ्यावा, हेही सुचवतो. पुलगावच्या मोठ्या स्फोटानंतर अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी, जवळच्याच सोनेगाव आबाजी येथील मैदानावर जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत खेड्यांतून आलेले कंत्राटी मजूर होते. या मजुरांसाठी कोणतीही तालीम, रंगीत किंवा साधी, झाल्याचे वाचनात आलेले नाही. तालमीत तो मजूरही जखमी म्हणून नुसता पडून नसावा. शेजारच्याच्या मांडीवर गमछा आवळून बांधणारा, म्हणजे पहिला हात पोचवणारा म्हणून यावा, आणि त्याला ते आधी शिकवलेले असावे. थंडीची सकाळ, जमिनीत खड्डे, धूळ. गावाकडून माणसे धावत येतात. त्यांत एक म्हातारी, तिला काहीही लागलेले नाही. ती प्रत्येक पडलेल्याचे तोंड आपल्याकडे वळवून पाहते आणि पुढच्याकडे जाते. नियमाप्रमाणे तिला चालता येते, तेव्हा तिला हिरव्या घोळक्यात पाठवायचे. ती जात नाही. हातात तांबड्या पट्ट्या घेतलेल्या प्रशिक्षणार्थ्याला आता तिच्याशी काहीतरी बोलावे लागणार, आणि त्याच्याजवळ एक मिनिटही नाही.